पायांवरचे जांभळे पुरळ पुन्हा पुन्हा उठते तेव्हा: मुलांमधील आयजीए व्हॅस्क्युलायटिस

तगर (धागा सुरू करणाऱ्या)

नमस्कार. माझा मुलगा पावणेआठ वर्षांचा आहे आणि गेल्या १८ महिन्यांत त्याच्या पायांवर जांभळे पुरळ एकूण ६ वेळा उठले आहे. पहिल्या वेळी 'हा आजार मुलांना एकदा होतो आणि महिना-दीड महिन्यात निघून जातो' असे आम्हाला सांगण्यात आले होते, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरेही असते. आमच्या बाबतीत ते खरे ठरले नाही. ज्यांच्या मुलांचा हा आजार एका फेरीत थांबत नाही अशा पालकांसाठी मराठीत फारसे लिहिलेले मला सापडले नाही, म्हणून हा धागा सुरू करत आहे.

पहिला दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. नोव्हेंबर महिना होता आणि दहा-बारा दिवसांपूर्वी त्याचा घसा धरून गेला होता. शाळेतून आल्यावर मोजे काढताना तो ओरडला. मोज्याचे इलॅस्टिक जिथे बसते तिथे घोट्याभोवती जांभळाच्या रंगाच्या ठिपक्यांचे कडे उमटले होते, आणि त्यांवरून बोट फिरवले की ते तांदळाच्या कण्यांसारखे हाताला लागत होते. दुसऱ्या दिवशी ते ठिपके पोटऱ्यांवर आणि बसायच्या जागेवर पसरले. ज्या दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो तिथे किडा चावला असेल म्हणून मलम मिळाले. तिसऱ्या दिवशी डेंग्यूच्या शंकेने रक्त तपासले, तेव्हा प्लेटलेट ३ लाख ४० हजार निघाल्या. प्लेटलेट उत्तम असताना त्वचेखाली रक्त साकळते आहे, याचा अर्थ दोष रक्तात नसून रक्तवाहिनीच्या भिंतीत असू शकतो, हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले. त्यांनी काचेचा पारदर्शक पेला पुरळावर दाबून दाखवला. गांधीचा किंवा उष्णतेच्या पुरळाचा लालपणा दाबल्यावर नाहीसा होतो, पण हे ठिपके काचेखाली तसेच जांभळे राहिले. चौथ्या दिवशी पोटात इतके दुखू लागले की तो गुडघे छातीशी घेऊन पडून राहिला. आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकला नाही ना, हे पाहण्यासाठी त्या रात्री सोनोग्राफी करावी लागली. सुदैवाने तसे काही नव्हते.

मला समजलेला आजार थोडक्यात असा आहे. नाक, घसा आणि आतडे यांच्या अस्तरात संरक्षणासाठी आयजीए नावाची प्रतिपिंडे तयार होतात. काही मुलांमध्ये या प्रतिपिंडांच्या रचनेतील गॅलॅक्टोज ही साखर कमी पडते, अशी सदोष प्रतिपिंडे एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतात. त्यांच्यावर पांढऱ्या पेशी तुटून पडतात, भिंत सुजते आणि झिरपू लागते. त्वचेत हे घडले तर पुरळ उठते, सांध्यांत घडले तर घोटे आणि गुडघे सुजतात, आतड्यात घडले तर पोट दुखते किंवा शौचातून रक्त जाते. मूत्रपिंडाच्या गाळणीत घडले तर मात्र बाहेरून काहीच दिसत नाही, आणि माझी सगळी काळजी या शेवटच्या वाक्यात आहे.

या आजाराला पूर्वी हेनॉक-शोनलाइन परप्युरा म्हणत असत आणि जुन्या फाइलींवर 'एचएसपी' हीच अक्षरे असतात. २०१२ सालच्या चॅपेल हिल परिषदेत रक्तवाहिन्यांच्या दाहांची नावे नव्याने ठरवताना 'आयजीए व्हॅस्क्युलायटिस' हे नाव घेतले गेले. दोन्ही नावे एकाच आजाराची आहेत हे मुद्दाम लिहीत आहे, कारण माझ्या सासूबाईंना दोन कागदांवर दोन नावे पाहून मुलाला दोन आजार झाले असे वाटले होते.

मी एक वही ठेवली आहे. तारीख, पुरळ कुठपर्यंत आहे, पोट, सांधे, रक्तदाब आणि सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टी असे तिचे रकाने आहेत. पट्टी लघवीत बुडवायची, बाटलीच्या काठाला टेकवून जास्तीचा थेंब काढायचा, आडवी धरायची आणि डबीवर दिलेल्या वेळेला रंग ताडून पाहायचा. प्रथिनाचा चौकोन पिवळा राहिला तर दिवस चांगला जातो, हिरवट झाला की मी दुसरी पट्टी काढते. पाचव्या वेळी, डिसेंबरमध्ये, तो हिरवट झाला आणि आज साडेचार महिने झाले तरी पूर्ण पिवळा झालेला नाही. प्रयोगशाळेत प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ०.६ आले आहे. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो आणि मुलांचे मूत्रपिंडतज्ज्ञ आम्हाला सर्वांत जवळ पुण्यात आहेत.

माझे प्रश्न तीन आहेत. किती वेळा पुरळ उठणे हे याच आजाराचे लक्षण मानायचे आणि केव्हा हा आजारच वेगळा असल्याची शंका घ्यायची? केवळ त्वचेसाठी डॅप्सोन किंवा कोल्चिसिन कोणाच्या मुलाला दिले आहे का? आणि मुलाने खेळायचे की नाही?

देवराई

तगरताई, मी मुलांची डॉक्टर आहे, शासकीय रुग्णालयात काम करते. मुलाला न पाहता उपचार सांगणे योग्य नाही, त्यामुळे मी जे लिहीन ते सर्वसाधारण समजावे. मात्र एक गोष्ट आधी सांगते, कारण ती थांबण्यासारखी नाही. साडेचार महिने टिकलेले ०.६ हे गुणोत्तर घरी पट्ट्या पाहत काढायचे नसते. सर्वसाधारणपणे ते ०.२ च्या आत असावे. २ च्या वर गेले तर ते बरेच जास्त मानतात आणि तेव्हा आठवड्यांत निर्णय घ्यावा लागतो. तुमच्या मुलाचे प्रमाण सौम्य आहे, पण सौम्य असूनही ते तीन महिन्यांहून अधिक टिकले आहे, म्हणून मूत्रपिंडतज्ज्ञांनी पाहायला हवे आणि बायोप्सी, म्हणजे सुईने बारीक तुकडा काढून तपासणी, करायची का याचा विचार त्यांनी करायला हवा. पुण्याची वेळ याच आठवड्यात घ्यावी.

आता पुन्हा पुन्हा येण्याविषयी लिहिते. साधारण तीनातल्या एका मुलाला हा आजार परत होतो आणि बहुतेक वेळा तो पहिल्या चार-सहा महिन्यांतच परततो. दर खेपेस तो थोडा सौम्य आणि थोडा लहान होत जातो असाच नेहमीचा अनुभव आहे. घसा धरणे किंवा सर्दी हे निमित्त पुष्कळदा सापडते. म्हणून एखाद-दोन वेळा पुरळ परत उठले तर मी पालकांना घाबरू देत नाही, पण लघवीची तपासणी पुन्हा पहिल्या आठवड्यापासून मोजायला लावते. ही गोष्ट पुष्कळदा निसटते. पहिल्या खेपेची सहा महिन्यांची तपासणी पूर्ण झाली की पालक वही बंद करतात, आणि आठव्या महिन्यात पुरळ परत आले तरी ती उघडत नाहीत.

सहा महिने कशासाठी, हेही सांगते. ज्या मुलांच्या मूत्रपिंडाला त्रास होतो त्यांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांत तो पहिल्या चार आठवड्यांत दिसतो आणि सुमारे ९७ टक्के मुलांत सहा महिन्यांच्या आत. एकूण पाहिले तर तीनातल्या एका मुलाच्या लघवीत काही ना काही सापडते, परंतु मूत्रपिंड कायमचे निकामी होण्याची वेळ शंभरात एक ते तीन मुलांवर येते. त्या एक ते तीन मुलांना वेळेत शोधण्यासाठी उरलेल्या सर्वांची लघवी तपासायची असते. पट्टीबरोबर रक्तदाबही पाहावा, आणि तो मुलांच्या मापाच्या पट्ट्याने पाहावा. मोठ्यांचा पट्टा लहान दंडाला गुंडाळला तर आकडा कमी येतो आणि चढलेला रक्तदाब लपून राहतो.

आणखी एक गैरसमज मी रोज ऐकते. पुरळ उठले की लगेच स्टेरॉइड सुरू केले तर मूत्रपिंड वाचते, असे पुष्कळांना वाटते आणि पूर्वी आम्हा डॉक्टरांनाही तसे वाटत असे. इंग्लंडमध्ये ३५२ मुलांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या मुलांना सुरुवातीलाच दोन आठवडे प्रेडनिसोलोन आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली होती. वर्षभरानंतर लघवीतील प्रथिनाच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पोटात असह्य दुखत असेल, शौचातून रक्त जात असेल, अंडकोशाला सूज असेल किंवा मूत्रपिंडाचा दाह सिद्ध झाला असेल तर स्टेरॉइडला जागा आहे. केवळ पुरळ घालवण्यासाठी आणि दर खेपेस ते देत राहू नये. सहा खेपांत सहा कोर्स झालेली मुले मी पाहिली आहेत. त्यांचा चेहरा गोल होतो, भूक आवरत नाही, उंची अडते, आणि पुरळ मात्र गोळी थांबली की परत हजर असते.

सांधेदुखीला पॅरासिटामॉल द्यावे. लघवीत दोष असताना आयबुप्रोफेन आणि तत्सम गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

पाणंद

तगर, मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या नातीला हा आजार तीन वेळा झाला. दुसऱ्या खेपेनंतर घरात सर्वांनी मिळून आंबट, तळलेले, वांगे, शेंगदाणे, अंडी हे सगळे बंद केले आणि एका ओळखीच्यांनी दिलेल्या रक्तशुद्धीच्या पुड्या सुरू केल्या. पाच महिने पुरळ उठले नाही, त्यामुळे पथ्याचा गुण आला असे आम्हाला वाटले. देवराई डॉक्टरांना माझा प्रश्न असा आहे की पथ्याला काही आधार आहे का? मला ते मनापासून समजून घ्यायचे आहे, कारण घरात अजून तेच चालू आहे.

देवराई

पाणंद सर, तुम्ही विचारलेत हे फार बरे झाले, कारण अनेक घरांत हेच चालू असते आणि दवाखान्यात कोणी सांगत नाही. वांगे किंवा शेंगदाणे बंद केल्याने हा आजार परत यायचा थांबतो याला आधार नाही. ज्या आजाराच्या खेपा मुळातच काही महिन्यांत विरळ होत जातात, त्यात त्या वेळी जे केले त्याला श्रेय मिळते. वाढीच्या वयात मुलीचे अंडे आणि शेंगदाणे बंद करणे हे मात्र नुकसानीचे आहे. रक्तदाब वाढला असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर मीठ, पापड, लोणचे, फरसाण कमी करावे, एवढेच पथ्य मी सांगते.

पुड्यांविषयी मात्र मी आग्रहाने सांगते की त्या थांबवा. पुडीवर घटक लिहिलेले नसतात, आणि ज्यांत पारा किंवा शिसे यांसारखे धातू असतात अशी मिश्रणे मूत्रपिंडाला इजा करू शकतात. ज्या आजारात आपण मूत्रपिंडावरच डोळा ठेवून आहोत त्यात हा धोका पत्करू नये. पुडी घेत असल्याचे तपासणाऱ्या डॉक्टरांना न लाजता सांगावे. नातीची लघवी शेवटची केव्हा तपासली होती?

पाणंद

सात महिन्यांपूर्वी. उद्या सकाळी नेतो.

साकव

तगरताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिलाही हेच निदान मिळाले होते. दहा महिने आम्ही 'परत आले, जाईल' असेच म्हणत राहिलो. पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. तिचे पुरळ पायांपुरते न राहता दंडावर, पोटावर आणि चेहऱ्यावरही येत असे. ते ठिपक्यांपेक्षा गांधीसारखे असे, खाजेपेक्षा जळजळ जास्त असे, आणि साधी गांधी जशी काही तासांत विरते तशी ती विरत नसे. मी एका गाठीभोवती बॉलपेनने रेघ ओढून ठेवली होती. तिसऱ्या दिवशीही ती गाठ रेघेच्या आतच होती आणि गेल्यावर तिथे तपकिरी डाग राहिला. मधूनमधून बारीक ताप असे आणि वर्षभरात वजन वाढले नव्हते.

मुंबईतील एका बालसंधिवाततज्ज्ञांनी तो रेघेचा फोटो पाहिला आणि रक्तातील कॉम्प्लिमेंट ही संरक्षक प्रथिने, म्हणजे सी-३ आणि सी-४, तपासायला सांगितले. दोन्ही खूप कमी निघाले. त्वचेच्या तुकड्याच्या तपासणीत बारीक रक्तवाहिन्यांचा दाह होता, पण आयजीएचे साठे नव्हते. निदान अर्टिकेरियल व्हॅस्क्युलायटिस असे झाले आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यामागे ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, असल्याचे स्पष्ट झाले. आता ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी होते आणि ती रोज शाळेत जाते. सी-३ आणि सी-४ ची तपासणी सुरुवातीलाच झाली असती तर दहा महिने वाचले असते, ही रुखरुख मला अजून आहे. पहिल्या निदानाला आम्ही एकदाही प्रश्न विचारला नव्हता.

देवराई

साकव, रेघ ओढून ठेवण्याची तुमची युक्ती मी माझ्या रुग्णांच्या पालकांना सांगणार आहे. बायोप्सीबद्दल एक पुरवणी जोडते. त्वचेचा तुकडा ताज्या, शक्यतो एक-दोन दिवसांच्या ठिपक्याचा घ्यावा लागतो आणि आयजीए पाहण्यासाठी त्याचा एक भाग वेगळ्या द्रावणात, इम्युनोफ्लुरेसन्ससाठी, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडे दाखवणाऱ्या तपासणीसाठी, पाठवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये सगळाच तुकडा गेला तर दाह कळतो, पण त्या दाहामागे आयजीए आहे का हा प्रश्न अनुत्तरित राहतो. जुन्या ठिपक्याचा अहवाल नकारात्मक आला म्हणून आयजीए नव्हतेच, असेही म्हणता येत नाही.

तगरताईंचा पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्यांदा निदान करताना आम्ही युरोपीय संघटनांनी ठरवलेले आणि २०१० साली प्रसिद्ध झालेले निकष वापरतो. हाताला लागणारे पुरळ, मुख्यतः पायांवर, असायलाच हवे, आणि त्याबरोबर पोटदुखी, सांधेदुखी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा बायोप्सीत आयजीए यांपैकी किमान एक हवे. हे निकष पहिल्या भेटीसाठी चांगले आहेत. मूल वर्षभर पुन्हा पुन्हा येऊ लागले की मी स्वतःला नव्याने विचारते की याला दुसरे काही तर नाही?

तशी शंका घेण्याजोगी लक्षणे पुष्कळ आहेत. टिकून राहिलेला ताप, वजन घटणे, नाकातून वारंवार रक्त किंवा खपल्या येणे, सायनस न बरे होणे, खोकल्यातून रक्त, अचानक चढलेला रक्तदाब, क्रिएटिनिन वाढत जाणे, हातापायाची बोटे काळी पडणे, त्वचेवर जाळीसारखी जांभळी नक्षी उमटणे, आणि अर्थातच कमी झालेले कॉम्प्लिमेंट. नाक, फुफ्फुस आणि मूत्रपिंड एकत्र दुखावले असतील तर एएनसीए ही रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी तातडीने करतात, कारण त्या गटातील आजार मुलांत विरळ असले तरी थांबत नाहीत आणि मूत्रपिंड झपाट्याने निकामी करू शकतात. ठरावीक अंतराने दोन-तीन दिवसांचा ताप आणि पोटदुखी येत असेल तर फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर या आनुवंशिक तापाच्या आजाराचा विचार करतात. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत त्या मुलांना आयजीए व्हॅस्क्युलायटिसही अधिक होतो.

एका आजाराचा उल्लेख आपल्या देशाच्या संदर्भात करायलाच हवा. एडीए-२ नावाचे विकर जन्मतः कमी असल्याने होणारा रक्तवाहिन्यांचा आजार २०१४ साली प्रथम ओळखला गेला. डॉक्टर त्याला 'डाडा-२' म्हणतात. जाळीसारखी नक्षी, ताप, आणि लहान वयात पक्षाघाताचा झटका ही त्याची ओळख आहे. त्यात मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्याही सापडतात. भारतातील रुग्णांच्या अभ्यासात अगरवाल समाजातील मुलांचे प्रमाण ठळकपणे जास्त आढळले. लहान मुलाला पक्षाघात झाला आणि अंगावर नक्षी आहे, तर ही तपासणी मागायला संकोच करू नये. टीएनएफ या घटकाला अडवणारी औषधे या आजारात झटके थांबवतात, म्हणून तो वेळेत ओळखणे फार मोलाचे आहे.

ओंजळ

डॅप्सोनचा अनुभव माझ्याकडे आहे. माझ्या मुलाच्या लघवीत कधीच काही नव्हते, सांधेही ठीक होते, पण पायांवरचे पुरळ अकरा महिने गेलेच नाही. एक झुपका जायच्या आत दुसरा येई, आणि उभे राहून प्रार्थना झाली की घोट्यांवर नवे ठिपके. चड्डी घालायची लाज वाटू लागल्याने त्याने शाळेत खेळाचा तास टाळायला सुरुवात केली, तेव्हा डॉक्टरांनी डॅप्सोन देण्याचे ठरवले.

त्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी केलीच पाहिजे. ते कमी असलेल्या मुलाला डॅप्सोन दिले तर तांबड्या पेशी फुटतात. आमची तपासणी ठीक आली. तरीही पहिल्या महिन्यात दर आठवड्याला रक्त तपासले आणि हिमोग्लोबिन १२.१ वरून ११ वर आले, एवढी घट अपेक्षित असते असे डॉक्टर म्हणाले. ओठ पाटीसारखे राखाडी-निळे दिसू लागले, धाप लागली किंवा अंगभर पुरळासह ताप आला तर गोळी थांबवून लगेच यायचे, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते. नवे ठिपके दहा-बारा दिवसांत थांबले. चार महिन्यांनी गोळी कमी करताना थोडे परत आले आणि मग विरळ होत गेले. मूत्रपिंडाचे रक्षण हे औषध करत नाही, म्हणून पट्ट्या चालूच ठेवल्या.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही वर्धा जिल्ह्यातले. इथे डॅप्सोन हे नाव कुष्ठरोगाचे औषध म्हणून घरोघरी माहीत आहे, कारण दत्तपूरचे कुष्ठधाम १९३६ पासून आमच्या शेजारी आहे. औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचून दुकानदारांनी आवाज खाली केला आणि 'घरात कोणाला आहे?' असे विचारले. माझ्या सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावले की हेच औषध दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींना आवरते, म्हणून ते इथे दिले आहे. नातवाला कुष्ठरोग नाही, आणि असता तरी तो औषधाने पूर्ण बरा होतो. ज्या घरात हे औषध जाईल त्या घरातल्या मोठ्यांना ते आधी सांगावे, एवढी माझी विनंती आहे.

पारंबी

मी ठाण्याची, वय ३७. मला हा आजार आठव्या वर्षी झाला, दोनदा परतला आणि दहाव्या वर्षी संपला. लघवीत थोडे रक्त काही महिने होते, मग सगळे व्यवस्थित झाले आणि घरातले सर्वजण तो विसरून गेले. एकतिसाव्या वर्षी, पहिल्या गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात, माझा रक्तदाब चढला आणि लघवीत प्रथिन आले. लहानपणी काही आजार झाला होता का, या प्रश्नावर मी 'नाही' म्हणाले होते, कारण माझ्या मनात तो आजार उरलाच नव्हता. आईने ट्रंकेतून पिवळा पडलेला कागद आणला, त्यावर 'एचएसपी नेफ्रायटिस', म्हणजे या आजाराने झालेला मूत्रपिंडाचा दाह, असे लिहिले होते. बाळ तीन आठवडे आधी झाले, आम्ही दोघेही सुखरूप आहोत.

फिनलंडमध्ये अशा मुलांचा मोठेपणी पाठपुरावा केला गेला, त्यातही लहानपणी हा आजार झालेल्या स्त्रियांना गरोदरपणात रक्तदाब आणि प्रथिनाचा त्रास अधिक दिसला होता, हे मला नंतर माझ्या डॉक्टरांकडून कळले. मुलींच्या आई-वडिलांनी या आजाराचा कागद जन्मदाखल्याबरोबर ठेवावा.

साकव

खेळण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आम्हाला सांगितले होते की सांधे दुखत असतील आणि पुरळ ताजे असेल तेव्हा मूल स्वतःच बसते, त्याला बसू द्यावे. त्यानंतर खेळू द्यावे. जास्त वेळ उभे राहिले की पायांवर नवे ठिपके येऊ शकतात, पण त्याने आजार वाढत नाही. शाळेत आम्ही एवढेच कळवले की हा संसर्गजन्य नाही आणि शेजारी बसणाऱ्या मुलाला होणार नाही. त्या एका पत्राने फार फरक पडला.

देवराई

सहमत. शाळेसाठी आणखी एक. स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असताना वर्गात कांजिण्या आल्या तर शिक्षकांनी पालकांना त्याच दिवशी कळवावे. जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची, त्या काळात देत नाहीत. त्या केव्हा द्यायच्या हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. बाकी लसी या आजारामुळे थांबवायचे कारण नाही.

तगर

सात आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. देवराई डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच गुरुवारी आम्ही पुण्याला गेलो. सी-३, सी-४ आणि एएनसीए तपासले, तिन्ही व्यवस्थित आले. नाक, फुफ्फुस, वजन यांत काही नव्हते. गुणोत्तर तोपर्यंत ०.८ झाले होते, म्हणून मूत्रपिंडाची बायोप्सी करायचे ठरले.

ज्या पालकांना हे पुढे करायचे आहे त्यांच्यासाठी तो दिवस लिहून ठेवते. गुंगीचे औषध देऊन त्याला पालथे झोपवले, पोटाखाली गुंडाळलेली चादर ठेवली, आणि सोनोग्राफीत पाहत सुईने दोन तुकडे घेतले. सगळे वीस-पंचवीस मिनिटांत झाले. त्यानंतर मात्र सहा तास उताणे पडून राहायचे होते आणि पावणेआठ वर्षांच्या मुलासाठी तोच भाग सर्वांत अवघड होता. प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या पारदर्शक बाटलीत धरून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवायला परिचारिकाताईंनी सांगितले होते. पहिली बाटली फिक्या चहासारखी होती आणि ती पाहून माझे हातपाय गळाले. दुसरी तिच्याहून फिकी होती, तिसरीत जेमतेम छटा होती, चौथी नेहमीसारखी पिवळी. रंग असा उतरत जायला हवा, हे मला आधी माहीत असते तर पहिल्या बाटलीने मी इतकी घाबरले नसते.

अहवालात आयजीएचे साठे आहेत आणि दुसऱ्या श्रेणीचा दाह आहे. गाळणीत चंद्रकोरीच्या आकाराच्या जखमा नाहीत, आणि डॉक्टरांना सर्वांत आधी तेच पाहायचे होते. म्हणजे आजार तोच आहे आणि मूत्रपिंडाला तो लागला आहे, पण खोलवर नाही. एनालाप्रिल सुरू झाले आहे, त्याने रक्तदाबाबरोबर लघवीतून जाणारे प्रथिनही कमी होते. त्यासोबत ठरावीक मुदतीचे प्रेडनिसोलोन आहे, जे अचानक थांबवायचे नाही, उतरवत न्यायचे आहे. उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी कमी झाले तर एनालाप्रिल त्या दिवशी द्यायचे की नाही हे फोन करून विचारायचे, असे बजावले आहे. डॅप्सोनचा विचार सध्या नाही, कारण त्याच्या त्वचेचा त्रास एवढा नाही.

पाणंद सर, नातीच्या तपासणीचे काय झाले ते कळवावे.

पाणंद

तगर, लघवी स्वच्छ आली आणि रक्तदाबही ठीक आहे. पुड्या बंद केल्या. काल तिने सात महिन्यांनी उकडलेले अंडे खाल्ले. मीही आता वही घातली आहे, रकाने तुमचेच घेतले आहेत.

तगर

फार बरे वाटले. आमच्या वहीत आज सकाळची नोंद अशी आहे: पुरळ नाही, पोट ठीक, रक्तदाब १०२/६४, प्रथिन पुसट. परवा प्रयोगशाळेत गुणोत्तर ०.३५ आले. पुण्याची पुढची तारीख १२ जुलै.